सुटा भाग

वाळूजला, आमच्या शेडच्या तापलेल्या पत्र्याखाली
रणगाड्याचा एक बुश बनतो.
मुठीत मावतो.
बाकीचा रणगाडा कुठं बनतो, कोण बनवतं,
आम्हाला कुणी सांगितलं नाही.
चाळीस टनांपैकी
तीनशे वीस ग्रॅम आमचे.

माझं काम गेजचं.
गेजचं एक टोक भोकात जायला हवं,
दुसरं जाता कामा नये.
दिवसभर एवढंच.

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात
बारीक अक्षरांचा तक्ता आहे,
सगळी हकिकत तिथं.
आर-शून्य : परक्या लिपीतल्या सूचना,
कडेला कुणीतरी पेन्सिलीनं केलेलं मराठी, तेही अर्धवट.
आर-एक : झेरॉक्समध्ये उडालं.
आर-दोन : वाळू शिरते. फट कमी केली.
आर-तीन : उन्हात फुगून धरतो. फट होती तेवढी केली.
म्हणजे या दोन ओळींच्या मध्ये
कुणीतरी एक अख्खा उन्हाळा
वाळवंटात ओणवं बसलं असणार
हातात फीलर गेज घेऊन,
आणि परत येऊन म्हणालं असणार,
चुकलंच आपलं.

आर-चार : पोलाद बदललं.
कारणाचा रकाना कोरा.

मस्तानचाचांनी छत्तीस वर्षं लेथ चालवली.
नवीन पोराला ड्रॉइंग शिकवताना
त्या कोऱ्या रकान्यावर ते बोट ठेवतात,
काळं, नख नसलेलं.
"याँ कोई मरा होंगा," म्हणतात,
आणि पुढं सरकतात.

आर-पाचला सही बदलते, बाकी काही नाही.
आर-सहा : ग्रीसची खोबण दोन मिलिमीटर आत.
आर-सात : फक्त सुट्या भागांसाठी.
त्याच्याखाली रकाने मोकळे आहेत,
ते आता कुणी भरणार नाही.

मागच्या लॉटमध्ये एक बुश बाद झाला.
बारा मायक्रॉन. केसाच्याही आत.
दोन्ही टोकं गेली सरळ.
मी लाल रंग लावला.
बाद झालेला अख्खा ठेवायचा नाही असा नियम,
चाचांनी स्वतःच हॅक्सॉ घेतली.
सकाळच्या चहापासून जेवणाच्या भोंग्यापर्यंत,
सहा पाती मोडली.
आर-चारचं पोलाद ते,
कारण न सांगता अडून बसलेलं.
मी म्हटलं, ग्राइंडरनं कापा की.
ते काही बोलले नाहीत.

शुक्रवारी छावणीच्या बाजूला
चौथऱ्यावर ठेवलेला रणगाडा बघायला गेलो.
त्यांनी तो आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिला.
हिरवा ऑइलपेंट, नळीच्या तोंडात चिमणीचं गवत,
चाकांत गुटख्याच्या पुड्या.
पोरं बुरुजावर चढून फोटो काढत होती.
चाचा नमाजच्या पांढऱ्या कुर्त्यानिशी
खाली शिरले, पाठीवर झोपले.
"ओ चाचा, काय हरवलं?" वॉचमन ओरडला.
तिसऱ्या चाकाच्या दांड्यामागं
त्यांची बोटं बराच वेळ चाचपत होती,
मी उन्हात त्यांच्या चपला धरून उभी.

बाहेर आले.
"हमारा नै है, बाई.
खोबण जुन्या जागी है.
पोलादभी पैलेवाला.
चार के आगेका."
चपला घातल्या.
मग एकदा मागं वळून
तिसऱ्या चाकाकडं बघितलं,
कुणाचं तरी नाव विचारायचं राहून गेल्यासारखं.

पाठीवर गंजाचा डाग पडला होता.
लिंबू लावलं, मीठ लावलं,
घरी सगळ्यांनी चोळून बघितलं म्हणे.

पूर्वी ऑर्डर चारशेची यायची,
मग नव्वदची.
या खेपेला सोळा.
बोर्डेसाहेब म्हणाले, परवडत नाही, सोडून देऊ.
चाचांनी तोवर बार चकात धरला होता.
अर्धा कापलेला बुश माझ्या टेबलावर असतो,
पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून.
एक झाला. गरम आहे अजून.
निवू दे,
मग मापते.